अण्णांचं बोट

आमच्या अण्णांचा एकही धड फोटो घरात नाही, कारण घरातले सगळे फोटो अण्णांनीच काढलेले आहेत.

एक आहे म्हणा. ओळखपत्रावरचा. अण्णा गेले तेव्हा घाईगर्दीत तोच मोठा करून त्याला हार घातला. त्यात अण्णा असे काही रोखून बघतात की भेटायला आलेली माणसं हात जोडायच्या आधी आपली चप्पल नीट ठेवलीय ना ते परत जाऊन बघतात. आई त्या फोटोकडे बघतच नाही. 'हे दुसरंच कोणी हाय' असं तिचं म्हणणं. अण्णांना जाऊन चार वर्षं झाली होती आणि आईची पंचाहत्तरी तोंडावर आली होती, तेव्हाची ही गोष्ट.

सुरुवात माझ्या मोबाइलपासून झाली. मी नोकरी मुदतीआधीच सोडलेली, आणि निवृत्त माणसाची दुपार फार मोठी असते. (सकाळ आणि संध्याकाळही मोठीच असते, पण दुपारी बायको झोपते, त्यामुळे कामं सांगायला कोणी नसतं.) अशाच एका दुपारी मला इंटरनेटवर जगभरातल्या फोटोवेड्यांचा शोध लागला. एक गृहस्थ म्हणे वर्षानुवर्षं रस्त्यात पडलेल्या एकेकट्या चपलांचेच फोटो काढतो. एक बाई आपल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या डोक्यावर रोज वेगळं फळ ठेवून फोटो काढते, आणि तो कुत्राही अगदी टरबुजापर्यंत शांत बसलेला आहे. एकजण रोज ठरलेल्या वेळी एकाच बाकड्याचा फोटो काढतो, मग त्यावर कोणी बसलेलं असो वा नसो. मी भारावून गेलो. तीस वर्षं मी ऑफिसात एकाच खुर्चीवर बसलो, कोणी माझे रोज फोटो काढले असते तर आज तो बाकडेवालाही माझ्यापुढे फिका पडला असता!

मग मीही एक प्रकल्प हाती घेतला. शहरातल्या आमच्या गारखेड्यात आठवड्यातून एकदा नळाला पाणी येतं, तो दिवस सणासारखा असतो. माझा विषय ठरला, 'पाण्याचा दिवस'. सकाळी सकाळी मोबाइल घेऊन गल्लीत उतरलो आणि घरोघरचे पाइप, ड्रम, हंडे टिपत निघालो. तिसऱ्या घरापर्यंत पोचलो नाही तोच गल्लीत बातमी फिरली की विलासराव (म्हणजे मी) नळाला मोटार लावणाऱ्यांचे पुरावे गोळा करायलेत. नळाला मोटार लावून पाणी ओढायला बंदी आहे, आणि आमच्या गल्लीत ती सगळ्यांनी मिळून मोडलेली आहे. धडाधड मोटारी बंद झाल्या. त्या दिवशी गल्लीत पहिल्यांदाच सगळ्यांना सारखं पाणी आलं आणि पुढचे आठ दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. बंद झालेल्या मोटारींत एक आमचीही होती. ती मंगलने, म्हणजे माझ्या बायकोने, घाईघाईत बंद केली होती. तीही बोलत नव्हती.

त्या आठ दिवसांत मला मोबाइलशिवाय सोबत नव्हती, आणि तेव्हाच तो प्रकल्प सापडला. कुठल्याशा थंड देशातला एक माणूस लोकांनी टाकून दिलेले जुने फोटो गोळा करतो. अट एकच. फोटोत काढणाऱ्याचं बोट आलेलं असलं पाहिजे. अनोळखी लग्नं, अनोळखी बर्फ, अनोळखी बाळं, आणि प्रत्येक फोटोच्या कडेला एक धूसर गुलाबी ढग. लोकांनी खाली हसण्याच्या खुणा टाकल्या होत्या. मीही हसायला लागलो आणि मधेच थांबलो. असा ढग मी लहानपणभर बघितला होता. आमचा जरा सावळा होता, एवढंच.

अण्णा लासूर स्टेशनच्या बाजारात मापाडी होते. काट्यावर पोतं चढलं की अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. माप होताना काट्याला बोट लागू द्यायचं नाही, हा त्यांचा नेम. लांबलांबचे शेतकरी आपला माल अण्णांच्याच काट्यावर मोजून घ्यायचे. आता आयुष्यभर काट्यापासून जपलेलं बोट कुठंतरी लागणारच. ते कॅमेऱ्याला लागलं. बाजारातल्या एका आडत्याच्या मुलाने आखातातून येताना अण्णांना एक छोटा कॅमेरा आणून दिला. त्याची बघायची खिडकी वेगळी आणि फोटो घेणारी काच वेगळी. खिडकीतून अण्णांना सगळं स्वच्छ दिसायचं, आणि काचेवर त्यांच्या डाव्या हाताचं पहिलं बोट निवांत टेकलेलं असायचं. रोल धुऊन आला की प्रत्येक फोटोत डावीकडे वरच्या कोपऱ्यात बोट. माझ्या नव्या सायकलवर बोट. ताईच्या शाळेच्या बक्षिसावर बोट. पोळ्याला बैलाच्या शिंगाआडून बोट. अण्णा फोटो लांब धरून बघायचे आणि म्हणायचे, "रोलमधेच खराबी दिसती." पण कॅमेरा कधी दुसऱ्याच्या हातात द्यायचे नाहीत. म्हणून आमच्या अल्बमात अण्णा नाहीत, त्यांचं बोट आहे.

त्या दुपारी मला ते बोट फार हवंसं वाटलं. तेच बोट धरून मी लासूरच्या बाजारात शिरायचो. पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढताना मला वरचं काही दिसायचं नाही, बोट मात्र हातात असायचं. मी ठरवून टाकलं. आईच्या पंचाहत्तरीला बोट आलेले सगळे फोटो मोठे करून भिंतीवर लावायचे. तो ओळखपत्रावरचा परका माणूस उतरवायचा आणि तिथं अण्णा लावायचे.

जुना अल्बम लासूरला ताईकडे होता. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, दिली गावातच. अण्णा गेल्यावर आई आमच्याकडे आली आणि घरातली लोखंडी ट्रंक ताईकडे गेली. आईला काही न सांगता मी आणि मंगल एका रविवारी लासूरला गेलो. (मंगल तोवर बोलायला लागली होती. मोटारही सुरू झाली होती.) ताईने चहा टाकला, चिवडा पुढे ठेवला, अल्बम आणून दिला. मी पहिलं पान उघडलं. मी सायकलवर बसलेलो होतो. बोट नव्हतं.

बोटच काय, कोपराच नव्हता. डावीकडचा वरचा कोपरा कोणीतरी तिरका, सरळ रेषेत कापून टाकला होता. पुढचा फोटो उलटला. तोही तसाच. बैल, बक्षीस, आईचं हळदीकुंकू, सगळ्यांचे कोपरे गेलेले. एकही सुटला नव्हता.

मी अल्बम मिटला आणि चौकशी सुरू केली. प्रथम ताईच्या नातवंडांवर संशय घेतला, शाळेत कागदकाम असतं म्हणून. ताई म्हणाली, तिच्या घरात तिला विचारल्याशिवाय कात्रीला हात लावायची कोणाची छाती नाही. मग मी म्हणालो, म्हणजे तूच. ताई म्हणाली, मग उंदीर असतील. मी तीस वर्षांच्या कारकुनीचा सगळा रुबाब आणून सांगितलं की उंदीर पट्टी लावून कुरतडत नाहीत. ताईने विचारलं, चार वर्षांत त्या ट्रंकेची आठवण झाली नाही ती आज कशी झाली. मी म्हणालो, जपता येत नव्हतं तर नेली कशाला. तिथून गाडी अण्णांच्या आजारपणात कोण किती दिवस राहिलं इथपर्यंत गेली. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं, माझा आवाज चढला, चहावर साय धरली. मंगल तेवढी शांतपणे चिवडा खात अल्बम चाळत होती.

"हे पहिल्यापासून असेच हायेत की," ती म्हणाली.

"पहिल्यापासून म्हणजे?"

"तुम्ही मला बघायला फर्दापूरला आले तवा हाच अल्बम आणला होता. तवापासून असेच हायेत. मला वाटलं, तुमच्या घरात तशी पद्धत असंल."

मी तिच्या हातातून अल्बम घेतला. आणि मला ते सगळं दिसायला लागलं. सत्तावीस वर्षांपूर्वीची एक दुपार. मध्यस्थ सांगून गेला होता की मुलीचे चुलते अजिंठ्याच्या लेण्यांवर पर्यटकांचे फोटो काढतात. मला शहरात नोकरीला लागून दोन-तीन वर्षंच झालेली, जरा छाप पाडावी म्हणून घरचा अल्बम सोबत न्यायचं मीच काढलं होतं. आणि मग अल्बम उघडून बघितला तर पानोपानी बोट. फोटोग्राफरच्या घरात हे दाखवायचं? ज्या घरात कॅमेरा धरता येत नाही त्या घरात पोरगी कोण देईल! मी आईची शिवणाची कात्री घेतली, पट्टी घेतली, आणि दोन तास बसून एकेक फोटो 'नीट' केला. मला आठवतंय, मी शीळही घालत होतो. कापलेले कोपरे गोळा करून चुलीत टाकले.

म्हणजे अण्णांना मी दोनदा अग्नी दिला. पहिल्यांदा शीळ घालत.

ताई माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. नातवंडं धावत आली, शेजारीण डोकावली, ताई पदराने डोळे पुसत प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होती. मी पाणी मागितलं. ते आणायलाही कोणी उठलं नाही.

शहाण्या माणसाने इथं थांबायला हवं होतं. मी परतीच्या वाटेवर नवी योजना आखली. बोट कापता येतं तर परत बसवताही येईल. मी अण्णांचाच मुलगा, माझं बोट काय वेगळं असणार? दुसऱ्या दिवशी कापलेले फोटो घेऊन मी गुलमंडीवर इक्बालभाईंच्या स्टुडिओत गेलो. साठीचे गृहस्थ, सगळं आयुष्य फोटोंत गेलेलं. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"भाई," ते म्हणाले, "उंगली निकालने को सब आते. डालने को तुम पैले आए."

माझ्या बोटाचा फोटो काढण्यात सगळी सकाळ गेली. इक्बालभाई मुळात कसबी माणूस, त्यांच्या हातून खराब फोटो निघेचना. नख, रेषा, बोटावरचा तीळ, सगळं लखलखीत. मतदानाच्या दिवशी शाई दाखवतात तसं. मी म्हणायचो, जरा बिघडवा. ते म्हणायचे, चाळीस वर्षांची सवय आहे, एका दिवसात कशी मोडू. शेवटी त्यांनी मन घट्ट करून ते धूसर केलं आणि सगळ्या फोटोंना चिकटवून दिलं. एकच बोट, एकाच कोनात. पोळ्याच्या फोटोत तर आभाळातून कोणीतरी आमच्या बैलाला दम भरतंय असं दिसत होतं. पण मी खूश होतो. एक नमुना म्हणून सायकलवाला फोटो घरी नेला आणि सहज दाखवतोय असं दाखवत आईपुढे धरला.

आईने तो खिडकीपाशी नेला. उजेडात धरून बघितला.

"हे बोट तुझं हाय," ती म्हणाली.

"कशावरून?"

"त्यांचं बोट आपसूक यायचं. हे घुसवलंय." तिने फोटो माझ्या हातात दिला. "कापल्यालं सरळ करायला गेलास व्हय?"

तिला माहीत होतं! मी खाली बसलो. मला वाटलं होतं तिच्यापासून लपवून मी काहीतरी मोठं घडवणार आहे, आणि तिच्याकडे ते सत्तावीस वर्षांपासून पडून होतं.

"त्यांनीबी बघितलं होतं," आई म्हणाली. "तुमची सुपारी फुटली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी अल्बम घेऊन बसले. लई येळ बसले. मग म्हणले, पोराला लाज वाटली असंल पाव्हण्यांपुढं. आणि कॅमेरा ट्रंकेत ठिवून दिला. त्याच्यानंतर हातात धरला नाय."

मला वाटायचं, अण्णांना कॅमेऱ्याचा कंटाळा आला. खरंच तसं वाटायचं. माझ्या लग्नात त्यांनी फोटो काढले नाहीत, पंगतीत वाढत राहिले, आणि फोटोग्राफरला सापडले ते पाठमोरेच. पुढे मोबाइल आले. कोणी फोटो काढायला लागलं की अण्णा काहीतरी निमित्त काढून उठून जायचे. आम्ही म्हणायचो, लाजतात. मीच सगळ्यांत मोठ्याने म्हणायचो. अण्णांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही, आणि आता मला त्यांना काही सांगायचं होतं तर समोर तो ओळखपत्रावरचा माणूस होता. त्या दिवशी मी जेवलो नाही. मंगलने दोनदा विचारलं आणि मग ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी मी ताईला फोन केला. ट्रंकेच्या तळाशी, अण्णांच्या जुन्या धोतरात गुंडाळलेला कॅमेरा होता. मी तडक लासूर गाठलं. कॅमेरा हातात घेतला, अण्णा तो ज्या जागी धरायचे तिथं रंग उडाला होता. वरच्या आकड्यांवरून वाटत होतं की आत अर्धा काढलेला रोल असावा. अण्णांनी काढलेले, मी न कापलेले फोटो! आत रोल खरंच आहे का हे बघायचा मला एकच मार्ग सुचला. ताईच्या अंगणात, बारा वाजताच्या उन्हात, मी कॅमेऱ्याचं झाकण उघडलं.

रोल होता.

"आता बंद करशील का नाय?" ताई म्हणाली. ती काही फोटोतली जाणकार नव्हे. पण तिलाही तेवढं कळत होतं.

इक्बालभाईंनी ते ऐकलं तेव्हा ते स्टुलावर बसले. ते म्हणाले, लोक रोल अंधारात जपून आणतात, तुम्ही पापडासारखा वाळवून आणला. मग माझा चेहरा बघून त्यांनी स्वतःच धीर दिला, की वरचे वेढे जळाले असतील, अगदी आतल्या वेढ्यातला एखादा वाचलाही असेल, पण एवढा जुना रोल, वर आपल्याकडचा उन्हाळा, तेव्हा फार आशा धरू नका. असे रोल अजून धुणारा एकजण त्यांच्या ओळखीचा होता, त्याच्याकडे त्यांनी पाठवला. मी रोज गुलमंडीवर चक्कर मारायला लागलो. इतकी की समोरचा कापडवाला मला बघून आपोआप टॉवेल काढून दाखवायचा.

पाकीट मिळालं ते पंचाहत्तरीच्याच दिवशी. घरात ताई, तिची माणसं, पंचाहत्तर दिव्यांचं ताट, सगळी तयारी झालेली. इक्बालभाईंनी पाकीट देताना मान हलवली होती. एकच फोटो आला होता. आणि तोही असा की बघवेना. या कडेपासून त्या कडेपर्यंत नुसतं बोट. तपकिरी, धूसर, अख्खा फोटोभर बोट. फक्त खाली उजव्या कोपऱ्यात हिरव्या साडीचा जरासा काठ आणि पायाच्या बोटातलं एक जोडवं. मी पाकीट कपाटामागे सरकवत होतो, तेवढ्यात आईने हात पुढे केला.

ओवाळणं थांबलं. आईने फोटो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग परत जवळ. मी मनात शब्द जुळवत होतो, की आई, चुकलं माझं, सगळं मीच घालवलं.

"हा माझा फोटो हाय," आई म्हणाली.

ताईने वाकून बघितलं. "आई, ह्याच्यात तू कुठं हायस?"

"मागं हाय की. पाडव्याची हिरवी साडी नेसले होते. मला म्हणले, एकटीच हुबी ऱ्हा. माझा एकटीचा त्यांनी काढलेला हा एवढाच. लई येळ लावला. मी म्हणलं, काढा की आता, दूध उतू जायलंय. तर म्हणले, थांब जरा. बघू दे."

आणि अण्णा बघत होते. त्यांच्या खिडकीतून त्यांना ती सगळी दिसत होती. साडी, जोडवी, दुधाची काळजी, सगळी. आईने आपलं बोट त्या फोटोतल्या बोटावर ठेवलं आणि तशीच बसून राहिली. मला रडू आवरलं नाही. ताईलाही नाही. दिवे एकेक करून विझत चालले होते, ते मंगलने परत लावले.

तो ओळखपत्रावरचा गृहस्थ आता कपाटात आहे. भिंतीवर ते बोट आहे. नवीन कोणी आलं की जरा वेळ बघतं आणि विचारतं, हे काय आहे म्हणून. मी काही सांगायच्या आत आई उत्तर देते. "आम्ही दोघं," म्हणते.

गोष्ट इथं संपली असती तर मी तुम्हाला ती सांगितली असती की नाही, कोण जाणे. पाहुणे गेल्यावर मंगलने तिच्या कपाटातून एक पिशवी आणली आणि माझ्यापुढे ठेवली. तिच्या माहेरचे फोटो. चुलत्यांनी काढलेले, कसे नितळ, कसे सरळ, आणि प्रत्येकाचा डावीकडचा वरचा कोपरा तिरका कापलेला.

"लग्न ठरल्यावर मीबी कापले," ती म्हणाली. "म्हणलं, सासरी गेल्यावर आपलेच येगळे दिसायला नको."

मी एकेक फोटो उलटत गेलो. तिचे वडील, तात्या, घरात सगळ्यांत उंच. ते नेहमी रांगेत डावीकडे टोकाला उभे राहिलेले. त्यामुळे प्रत्येक फोटोत तात्यांचा फेटा गेलेला. काहींत अर्धा, काहींत पुरा, एकात तर भुवईपर्यंत. एकोणीस-वीस वर्षांची पोर ओळखसुद्धा नसलेल्या घरात शोभावी म्हणून आपल्या बापाचा फेटा कापत बसली होती, आणि ते ज्याच्यामुळे, तो सत्तावीस वर्षं तिला कपाट आवरायला सांगत होता. मला तिच्याकडे बघवेना. मी विचारलं, कधी बोलली का नाहीस. ती म्हणाली, कधी विषय निघाला नाही.

"आणि आता त्याचं काय," मंगल फोटो पिशवीत भरत म्हणाली. "तात्या हायेत अजून. फेटाबी हाय."

माझ्याकडे नव्हतं ते तिच्याकडे अजून होतं. पुढच्याच रविवारी आम्ही फर्दापूरला गेलो. तात्या आता चौऱ्याऐंशीचे आहेत, वाकले नाहीत. मंगलने फोनवर त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं, अगदी शिळेसकट. अंगणात सगळे रांगेत उभे राहिले आणि तात्या सवयीने डावीकडच्या टोकाला गेले. मी मोबाइल वर धरला, दहाही बोटं जागच्या जागी आहेत ना ते तपासलं, आणि सगळ्यांनी हसावं म्हणून एक, दोन म्हणायला लागलो. तात्यांनी एकदा माझ्याकडे नीट निरखून बघितलं.

"काढा पाव्हणं," ते म्हणाले, आणि दोन्ही हातांनी फेटा गच्च धरून उभे राहिले.